हार्मोनचा विषय संपला, असे समजून

हाडांपर्यंत पसरलेल्या आणि नेहमीच्या हार्मोन-उपचारांना दाद न देणाऱ्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी अबिराटेरॉन नावाची गोळी अमेरिकेत एप्रिल २०११ मध्ये मंजूर झाली. नवे औषध म्हणून तिचे स्वागत झाले. पण हा रेणू नवा नव्हता. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये मायकेल जार्मन, एलेन बॅरी आणि गेरी पॉटर या शास्त्रज्ञांच्या गटाने तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बनवला होता. १९९५ साली त्यावरचा शोधनिबंध छापून आला. मोजक्या रुग्णांना तो देऊनही पाहिला गेला. बोरिंगर इंगेलहाइम या जर्मन कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि काही वर्षांनी परत केले. त्यानंतर तो घ्यायला कोणी मोठे पुढे येईना. पैशाअभावी औषध रखडणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि या कथेतही पैसा आहेच. तरी मुख्य अडसर पैशाचा नव्हता, असे माझे मत आहे. अडसर एका समजुतीचा होता. वृषणांतून येणारे हार्मोन बंद केल्यावरही जो कर्करोग वाढतो, त्याला हार्मोनची गरजच उरलेली नसते, अशी ती समजूत. तिच्याविरुद्धचा पुरावा दवाखान्यात रोज हातात पडत असतानाही ती कित्येक वर्षे टिकली. ती ढळल्यावर मात्र दहा-पंधरा वर्षांत या आजाराच्या उपचारांचा चेहरामोहरा बदलून गेला.

समजुतीचा उगम एका खऱ्याखुऱ्या यशात आहे. शिकागो विद्यापीठातले शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स हे १९३०च्या दशकात कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधून स्रवणाऱ्या द्रवाचा अभ्यास करत होते. माणसाखेरीज म्हातारपणी प्रोस्टेटच्या गाठी सर्रास होतात त्या कुत्र्यालाच. एखाद्या कुत्र्यात अशी गाठ निघाली की हगिन्स यांच्या मोजमापांचा विचका होई आणि ते वैतागत. मग त्यांच्या ध्यानात आले की वृषणे काढली की ही गाठ आक्रसते. आधी नकोशी वाटणारी कुत्री ते आता मुद्दाम शोधू लागले. त्याच सुमारास, १९३८ मध्ये, न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याने दाखवले होते की हा कर्करोग हाडांत पसरला की रक्तात अॅसिड फॉस्फटेज हे एन्झाइम वाढते. गाठीची वाढ-घट रक्तावरून मोजायला साधन मिळाले. १९४१ साली हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी ते माणसांवर वापरले. वृषणे काढली किंवा स्त्री-हार्मोन दिले की एन्झाइम उतरे, टेस्टोस्टेरॉन टोचले की चढे. हाडांच्या वेदनेने अंथरुणाला खिळलेल्या कित्येकांना शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत आराम पडला. कर्करोग शरीराच्या कोणत्याच आज्ञेला जुमानत नाही, या तोवरच्या धारणेला हा जबर धक्का होता. १९६६ मध्ये हगिन्स यांना पेटन राउस यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच कामासाठी.

पण आराम टिकत नसे. साधारण दीड-दोन वर्षांत बहुतेकांची गाठ पुन्हा डोके वर काढी. येथे हगिन्स यांनी काय केले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढच्या पिढ्या तेच विसरल्या. टेस्टोस्टेरॉन बनवण्याचा मुख्य कारखाना वृषणांत असला, तरी मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीही थोडे पुरुषी हार्मोन बनवतात, हे त्यांना माहीत होते. मग उरलेल्या गाठीला तिथून तर रसद मिळत नसेल? १९४५ साली त्यांनी आणि विल्यम स्कॉट यांनी अशा रुग्णांच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. या ग्रंथींशिवाय माणूस जगत नाही, आणि त्यांची उणीव भरून काढणारे कॉर्टिसोन तेव्हा मिळत नव्हते. रुग्ण दगावले. कॉर्टिसोन आल्यावर १९५०च्या दशकात ही शस्त्रक्रिया पुन्हा झाली, काहींना थोडा आराम पडला, पण एवढ्या जीवघेण्या उपायाच्या मानाने फायदा तोकडा ठरला. शस्त्रक्रिया मागे पडली आणि तिच्यामागचा प्रश्नही तिच्यासोबत गाडला गेला. उपाय फसला म्हणून अनुमानही चुकीचे ठरवण्याचा हा प्रकार या कथेत पुढेही भेटणार आहे.

पुढची तीस-चाळीस वर्षे सुधारणा झाली ती हार्मोन कसे बंद करायचे यात. आधी स्त्री-हार्मोनच्या गोळ्या होत्या. त्यांनी हृदयविकाराचे मृत्यू वाढतात, असे अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या चाचण्यांतून १९६०च्या दशकात दिसले. मग अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमिन यांनी मेंदूतून सुटणाऱ्या एका छोट्या हार्मोनची रचना उलगडली (१९७७ चे नोबेल त्यातलेच), आणि त्यावर बेतलेले ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन १९८५ मध्ये आले. आता शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. पण ध्येय तेच राहिले, वृषणांचे काम थांबवायचे. ते थांबवूनही गाठ वाढली की फाइलवर ‘हार्मोनला न जुमानणारा’ असा शेरा पडे, आणि रुग्ण वेदनाशामक व किरणोपचारांच्या रांगेत जाई. १९९६ मध्ये मायटोझँट्रोनला मंजुरी मिळाली तीही वेदना कमी होतात एवढ्यासाठीच, आयुष्य त्याने वाढत नव्हते. २००४ साली डोसेटॅक्सेल या केमोथेरपीने पहिल्यांदा आयुष्य वाढवून दाखवले, मायटोझँट्रोनवरच्या रुग्णांचे १६.५ महिने तर डोसेटॅक्सेलवरच्यांचे १८.९. फरक अडीच महिन्यांचाही नाही.

आता त्या रोज हातात पडणाऱ्या पुराव्याकडे येऊ. अॅसिड फॉस्फटेजची जागा १९८०च्या दशकात पीएसएच्या तपासणीने घेतली. १९८६ पासून तिला अमेरिकेत मान्यता आहे. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी बनवत असलेले एक प्रथिन. ते बनवण्याचे जनुक चालू होते कशाने? पुरुषी हार्मोन पेशीतल्या आपल्या ग्राहीला, म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टरला, चिकटते. ही जोडी केंद्रकात जाते, डीएनएवर ठरावीक जागी बसते आणि पीएसएचे जनुक चालू होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीस हे प्रयोगशाळेत पक्के झाले होते. आता एखाद्या रुग्णाचा अहवाल डोळ्यांसमोर आणा. वृषणांचे काम पूर्ण थांबलेले, रक्तातले टेस्टोस्टेरॉन तळाला, आणि पीएसए ४ वरून ४०, ४० वरून ४०० वर चाललेला. हार्मोनवर चालणारे जनुक हार्मोन नसताना असे धडाक्यात कसे चालेल? चढत जाणारा प्रत्येक पीएसए सांगत होता की गाठीतला रिसेप्टर जागा आहे आणि कामाला लागला आहे. डॉक्टरांनी तोच आकडा उलटा वाचला. हार्मोन-उपचार संपले, आता दुसरे काही बघा, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. वैद्यकाच्या इतिहासात पुरावा नसल्यामुळे झालेल्या चुका पुष्कळ सापडतात. पुराव्याचा कागद रोज सही करून फाइलला लावत असताना झालेली अशी चूक मात्र विरळा.

आणि हा कागद एकटा नव्हता. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जॅक गेलर यांनी दाखवले होते की वृषणे काढल्यावरही प्रोस्टेटच्या ऊतींतले डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे हार्मोनचे अधिक जहाल रूप, पुरते संपत नाही. १९८०च्या दशकात केटोकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर काही रुग्णांच्या गाठी आकसल्या. ते औषध हार्मोन बनवणारी एन्झाइमे ढोबळपणे अडवते, हे कारणही समजले होते. १९९० मध्ये प्रयोगशाळेतल्या एका प्रसिद्ध पेशीवाणात रिसेप्टरचा असा बदल सापडला की त्याला अडवायला दिलेले औषधच त्याला चेतवते. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या केली आणि शेर या डॉक्टरांनी नोंदवले की रिसेप्टर अडवणारी फ्लुटामाइड ही गोळी नुसती बंद केली तरी काहींचा पीएसए खाली येतो. १९९५ साली फिनलंडच्या शास्त्रज्ञांना उपचारांनंतर परतलेल्या गाठींपैकी सुमारे तीस टक्क्यांत रिसेप्टरच्या जनुकाच्या वाढीव प्रती सापडल्या. हार्मोनची ज्याला गरज नाही, तो त्याचा रिसेप्टर कशाला वाढवील?

येथे एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. त्या काळातल्या डॉक्टरांनी डोळे मिटले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्यांनी हा विचार तपासून पाहिला होता. कॅनडाचे फर्नांड लाब्री १९८०च्या दशकात हिरिरीने सांगत होते की वृषणांबरोबर अधिवृक्क ग्रंथींचे हार्मोनही अडवा. त्यावर एकामागून एक चाचण्या झाल्या. २००० साली ‘लान्सेट’मध्ये २७ चाचण्यांतल्या ८२७५ पुरुषांची एकत्र मोजणी छापून आली. नुसती वृषणे थांबवलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर २३.६ टक्के हयात होते, जोडीला रिसेप्टर अडवणारी गोळी घेतलेल्यांपैकी २५.४ टक्के. दोन टक्क्यांचाही फरक नाही. मग उरलेल्या हार्मोनचा नाद सोडून देणारे चुकले कुठे? ते चुकले हत्याराच्या बोथटपणाचा दोष विचाराला लावण्यात. त्या चाचण्यांतल्या गोळ्या रिसेप्टरला सैलसर धरत, आणि रिसेप्टर वाढला किंवा बदलला की त्यातल्या काही उलट त्यालाच चालना देत. हे १९९० आणि १९९३ च्या निरीक्षणांवरून कळण्याजोगे होते. ८२७५ पुरुषांच्या आकड्यांनी त्या गोळ्यांविषयी जो निकाल दिला तो बरोबरच होता. तो हार्मोनविषयीचा निकाल म्हणून वाचला गेला.

अबिराटेरॉनची गाडी अडली ती या वातावरणात. त्याने बंद पडणारे एन्झाइम सीवायपी-१७. वृषण, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द गाठ, तिन्ही ठिकाणी पुरुषी हार्मोन तयार होताना त्याच्यावाचून चालत नाही. केटोकोनॅझोल हे एन्झाइम अर्धवट आणि इतर अनेक एन्झाइमांसकट अडवी. अबिराटेरॉन त्याच्या लोहकणाला नेमके जाऊन घट्ट धरते. १९९०च्या दशकातल्या पहिल्या चाचणीत वृषणे चालू असलेल्या पुरुषांतही टेस्टोस्टेरॉन उतरले, पण मेंदूकडून वृषणांना वाढीव हुकूम सुटले आणि ते पुन्हा चढले. कंपनीच्या हिशेबी बाजूला यात काय दिसले असेल, ते ओळखणे अवघड नाही. वृषणे थांबवायला इंजेक्शन बाजारात आहेच, आणि ती थांबवल्यावर वाढणाऱ्या गाठीला हार्मोनशी देणेघेणे नाही असे सगळे म्हणतात. मग हे औषध कोणासाठी? वर अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याची भीती होतीच, १९४५ च्या शस्त्रक्रियेत माणसे त्यानेच गेली होती.

ही भीती दूर झाली ती एका दुर्मीळ जन्मजात विकारामुळे. काही माणसे सीवायपी-१७ शिवायच जन्माला येतात. १९६६ साली असा विकार पहिल्यांदा वर्णिला गेला. त्यांचा रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते, पौगंडावस्था येत नाही, पण कॉर्टिसोल जवळपास नसूनही ती जगतात, कारण त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी त्याच जातीचे कॉर्टिकोस्टेरोन भरपूर बनवतात. रॉयल मार्सडेन रुग्णालयात योहान डि बोनो आणि त्यांचे तरुण सहकारी गेरहार्ट अटार्ड यांनी २००५ मध्ये पुन्हा चाचणी सुरू केली, तेव्हा रुग्णांत नेमका तोच रक्तदाब आणि तेच पोटॅशियम दिसले. निसर्गाने आधीच करून ठेवलेला प्रयोग हाताशी असल्याने घाबरण्याचे कारण उरले नाही. प्रेडनिसोनची छोटी मात्रा जोडीला दिली की त्रास आटोक्यात येई. यावेळी निवडले होते वृषणे आधीच थांबवलेले, म्हणजे ‘हार्मोनला न जुमानणारा’ असा शिक्का बसलेले रुग्ण. त्यांचे पीएसए उतरू लागले. औषधाचे हक्क २००४ मध्ये कुगर बायोटेक्नॉलॉजी या चिमुकल्या कंपनीने घेतले होते. २००९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने ती कंपनीच सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घेतली. मोठ्या चाचणीत डोसेटॅक्सेल घेऊन झालेले ११९५ पुरुष होते. प्रेडनिसोन दोन्ही गटांना मिळत होते. औषधाविना असलेल्यांचे मध्यक आयुष्य १०.९ महिने, औषधावरच्यांचे १४.८.

समजुतीवरचा दुसरा घाव मात्र प्रोस्टेटशी संबंध नसलेल्या आजारातून आला. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स सॉयर्स हे रक्ताच्या एका कर्करोगावरच्या इमॅटिनिब या औषधावर काम करत होते. २००१ साली ते औषध बाजारात आले, आणि त्याच वर्षी सॉयर्स यांच्या गटाने ते लागू पडेनासे का होते ते दाखवून दिले. तो कर्करोग औषधाचे मूळ लक्ष्य सोडून पळत नाही. तेच प्रथिन तो वाढवतो किंवा जरासे बदलतो. हाच प्रश्न त्यांनी प्रोस्टेटला विचारला. उंदरांत वाढवलेल्या मानवी गाठींच्या जोड्या घेतल्या, एक हार्मोन-बंदीला दाद देणारी, दुसरी तिच्याच पोटची पण दाद न देणारी. हजारो जनुके तुलनेला लावली. २००४ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की सातही जोड्यांत सारखा आढळलेला बदल एकच, अँड्रोजेन रिसेप्टर वाढलेला. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार आली की घरातले हंडे, कळश्या, पातेली सगळी नळाखाली लागतात, तसा गाठीने रिसेप्टर वाढवून उरल्यासुरल्या हार्मोनचा थेंब न् थेंब टिपायला सुरुवात केली होती. दुप्पट-तिप्पट वाढ एवढ्याला पुरत होती. आणि याच वाढीमुळे जुन्या अडवणाऱ्या गोळ्या चालना देणाऱ्या ठरत होत्या.

मग सॉयर्स यांनी त्याच विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ मायकेल जुंग यांना गाठले. एका फ्रेंच कंपनीने पूर्वी बनवलेला, रिसेप्टरला फार घट्ट चिकटणारा पण त्याला चालूच करणारा एक रेणू त्यांनी पाया म्हणून निवडला. त्यात फेरफार करत जवळपास २०० रेणू तपासले, आणि तेही रिसेप्टर मुद्दाम वाढवलेल्या पेशींवर, म्हणजे जिथे जुन्या गोळ्या हरत होत्या तिथेच. त्यातून एन्झाल्युटामाइड निघाले. ११९९ पुरुषांच्या चाचणीत मध्यक आयुष्य १३.६ वरून १८.४ महिन्यांवर गेले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. या घडामोडींच्या मध्येच, २००५ मध्ये, शेर आणि सॉयर्स यांनी सविस्तर मांडले होते की या अवस्थेत रिसेप्टर चालूच असतो, आणि थोड्याच वर्षांत जुना शेरा जाऊन ‘वृषणबंदीला न जुमानणारा’ असा नवा शेरा वैद्यकात रूढ झाला. हे केवळ शब्दांचे खेळ नव्हते. कोणत्या रुग्णाला कोणत्या चाचणीत घ्यायचे, ते त्यावर ठरत होते.

चार-पाच महिन्यांसाठी एवढा गाजावाजा कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, विशेषतः अमेरिकेत अबिराटेरॉनची सुरुवातीची किंमत महिन्याला सुमारे ५००० डॉलर होती हे लक्षात घेता. पण ते महिने सगळे उपाय थकलेल्या माणसांचे होते. गाठीला हार्मोन लागतोच, ही नवी समजूत बरोबर असेल तर औषध लवकर दिल्यास फायदा वाढायला हवा. २०१७ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत ते नुकतेच निदान झालेल्यांना सुरुवातीपासून दिले गेले. ब्रिटनच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत तीन वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांपैकी ७६ टक्के. एकूण मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी उतरला.

याहून कठीण आक्षेप दुसरा. रिसेप्टरच सर्वस्व असेल, तर ही औषधेही कालांतराने का फसतात? फसतात, हे खरे आहे. अबिराटेरॉननंतर एन्झाल्युटामाइड किंवा त्याउलट दिले तर लाभ फारच थोड्यांना होतो. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या इमॅन्युएल अँटोनाराकिस आणि जून लुओ यांच्या गटाने ६२ रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या गाठीच्या पेशी तपासल्या. ज्यांच्यात रिसेप्टरचे एआर-व्ही७ हे तोकडे रूप सापडले, त्यांच्यापैकी एकाचाही पीएसए या औषधांनी पुरेसा उतरला नाही. या रूपाला हार्मोन चिकटायची जागाच नसते, आणि तरी ते चालूच राहते. काही गाठी तर रिसेप्टर टाकून देऊन वेगळ्याच जातीच्या होतात, आणि जोरकस औषधांच्या काळात त्यांचे प्रमाण वाढले आहे. म्हणजे जुन्या डॉक्टरांचा ‘हार्मोनशी देणेघेणे नाही’ हा शेरा काही गाठींना खरोखर लागू आहे. फक्त तो कोणत्या गाठीला लागू आहे, हे पाहिल्याशिवाय सरसकट मारला जात होता. हगिन्स यांचा आग्रह सर्वांच्या माथी मारावा, असे मी म्हणत नाही. गाठीने आता कोणता मार्ग धरला आहे, ते तिच्याकडूनच काढून घ्यायला हवे, एवढाच मुद्दा आहे.

तसे काढून घेण्याचे पहिले मोठे काम २०१५ मध्ये पुढे आले. तोवर हाडांत पसरलेल्या गाठीचा तुकडा काढण्याच्या भानगडीत कोणी सहसा पडत नसे. अमेरिका आणि ब्रिटनच्या काही केंद्रांनी मिळून १५० पुरुषांच्या अशा तुकड्यांचे जनुक-वाचन केले. साठ टक्क्यांहून अधिक गाठींत अँड्रोजेन रिसेप्टरमध्ये बदल निघाले, आणि सुमारे २३ टक्क्यांत डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकांत. यात बीआरसीए-२ सर्वांत पुढे. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या घराण्यांत ऐकू येणारे हे नाव प्रोस्टेटमध्ये एवढ्या प्रमाणात सापडेल, असे फार थोड्यांना वाटले होते. या दुबळ्या जागेवरचे औषध तयारच होते. २००५ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवले होते की डीएनएची किरकोळ दुरुस्ती करणारे पार्प हे एन्झाइम अडवले, तर बीआरसीए गमावलेल्या पेशीला दुसरा आधार उरत नाही आणि ती मरते, निरोगी पेशी मात्र तग धरते. २०१५ मध्ये डि बोनो यांच्याच गटाने ओलापॅरिब ही गोळी ४९ रुग्णांना दिली. दुरुस्ती-जनुकांत दोष असलेल्या १६ पैकी १४ जणांना गुण आला, उरलेल्या ३३ पैकी अवघ्या दोघांना. हेच औषध सरसकट सर्वांना देऊन सरासरी काढली असती, तर ते बेताचेच ठरले असते. २०२० मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

तिसरी वाट सर्वांत लांबची. १९८७ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत होरोशेविच यांनी प्रोस्टेटच्या पेशींना ओळखणारी एक प्रतिपिंड बनवली. ती ज्याला चिकटे ते पीएसएमए हे पेशीच्या आवरणातले प्रथिन. गंमत अशी की ही प्रतिपिंड त्या प्रथिनाच्या पेशीच्या आत दडलेल्या टोकाला चिकटत होती. त्यामुळे १९९६ मध्ये तिच्यावर बेतलेली तपासणी बाजारात आली खरी, पण तिला मेलेल्या पेशीच नीट दिसत. जिवंत पेशीच्या बाहेरच्या टोकाला धरणारे छोटे रेणू बाल्टिमोरच्या मार्टिन पॉम्पर यांच्या आणि जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या प्रयोगशाळांतून आले. हायडेलबर्गच्या पीएसएमए-६१७ ला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी समस्थानिक जोडले की किरणांचा मारा गाठीच्या आसपास दोनेक मिलिमीटरच्या टप्प्यात होतो. आधी गॅलियमच्या स्कॅनवर गाठी उजळतात का ते पाहायचे, उजळल्या तरच औषध द्यायचे. हार्मोन बंद केल्यावर पीएसएमए घटण्याऐवजी वाढते, ही निसर्गाची मेहेरबानी. ८३१ पुरुषांच्या चाचणीत, नवी हार्मोन-औषधे आणि केमोथेरपी दोन्ही घेऊन झालेल्यांतही, आयुष्य ११.३ वरून १५.३ महिन्यांवर गेले. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. लाळग्रंथींतही किरणे पोहोचत असल्याने तोंड कोरडे पडते, हा त्याचा ठळक त्रास.

मुंबईचा संबंध येथे येतो आणि तो मिरवण्याजोगा आहे. ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडेच अधिक असते, साठा करून ठेवता येत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत ते बनते, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तसेच दिल्लीच्या एम्समध्ये अमेरिकेची मंजुरी येण्याच्या आधीपासून हा उपचार दिला जात आहे. गोळ्यांच्या बाबतीतही भारतीय रुग्णाची स्थिती बरी आहे. एन्झाल्युटामाइडचा पेटंट-अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने २०१६ मध्ये फेटाळला. अबिराटेरॉन २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी घ्यायचे असते, कारण अन्नासोबत ते कितीतरी अधिक शोषले जाते. २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठातल्याच डॉक्टरांनी ७२ रुग्णांत दाखवले की कमी चरबीच्या नाश्त्यासोबत २५० मिलिग्रॅम घेतले, तरी पीएसए तितकाच उतरतो. मोठ्या चाचणीची जोड त्याला अजून हवी, आणि स्वतःच्या मनाने मात्रा बदलणे धोक्याचे आहे, पण खर्च चौथाईवर येत असेल तर आपल्या डॉक्टरांशी ही गोष्ट बोलायला संकोच नसावा.

घरात कोणाला पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग असेल, तर आणखी एक गोष्ट जरूर विचारा. २०१६ मध्ये अशा ६९२ पुरुषांची तपासणी झाली, तेव्हा ११.८ टक्क्यांच्या अंगी डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांतला दोष जन्मापासूनचा निघाला, त्यातही बीआरसीए-२ चा सर्वाधिक. अशा रुग्णाला पार्प अडवणारे औषध लागू पडण्याची शक्यता असते. तोच दोष त्याच्या मुलामुलींकडे आणि भावा-बहिणींकडे असण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलींना व बहिणींना त्यातून स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर ही तपासणी होते. ती झाली आहे का, हे पुढच्या भेटीत विचारा, आणि झाली नसेल तर करून घ्या.